डोक्याजवळचा अँटेना: माझा एसएआर ९.८, मित्राचा ४.६. नेमकं कुठे बघू?

पिफावाला_डोंबिवली

नमस्कार मंडळी. एम.ई.च्या शेवटच्या वर्षाला आहे, शाखा एक्स्टीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम. प्रोजेक्ट असा: मोबाइलमधल्या पिफा अँटेनाचं (ग्राउंडवर बसवलेला छोटा, चपटा पत्र्याचा अँटेना) रेडिएशन डोक्यात किती शोषलं जातं, म्हणजे एसएआर (किलोमागे किती वॅट), त्याचं मॉडेल करायचं. बोर्ड १०० बाय ४० मिलिमीटरचा, वरच्या टोकाला पिफा, फ्रीक्वेन्सी ९०० मेगाहर्ट्झ. डोकं म्हणजे ९० मिलिमीटर त्रिज्येचा गोल, त्यात तीन थर: त्वचा, कवटी, मेंदू. कॉलेजच्या लॅबमध्ये एचएफएसएस हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर आहे, सगळं त्यातच चाललंय. पिफा गोलाच्या बरोबर समोर ठेवलाय, मध्ये ५ मिलिमीटर हवा.

डोकं नसताना एस-वन-वन (अँटेनाच्या पोर्टला, म्हणजे पॉवर देतो तिथे, किती माघारी येतं त्याचं माप) ९००ला उणे १८ डीबी मिळतो. डोकं आणलं की तो खड्डा ८६०च्या आसपास सरकतो आणि ९००ला उणे ५ उरतो. १ ग्रॅमवरचा (तेवढ्या घनात सरासरी काढलेला) कमाल एसएआर ९.८ वॅट प्रति किलो. आपल्याकडची मर्यादा १.६. गाइड सर म्हणतात, "सहापट आलाय म्हणजे मॉडेल गंडलंय. १.६च्या खाली आण, मग पेपरचं बघू." कसा आणायचा ते मात्र सांगत नाहीत.

त्यात वर्गमित्राने हीच भूमिती सीएसटी या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बांधली, मापं तीच, पदार्थांचे गुणधर्म तेच, तर त्याला ४.६ आला. कॅन्टीनमध्ये आमची रोज यावरून जुंपते. मी मेश (गणितासाठी मॉडेलचे पाडलेले तुकडे) बारीक करून पाहिला, आकडा जागचा हलत नाही, डेल्टा-एस (फेरीगणिक पोर्टचा आकडा किती बदलतो ते) ०.०२च्या खाली आहे.

तर प्रश्न दोन. आमच्यापैकी बरोबर कोण? आणि हा गोल सोडून खऱ्या डोक्याचं मॉडेल घेऊ का? रिव्ह्यू दिवाळीच्या सुट्टीआधी आहे, त्यामुळे "पुस्तक वाच" असं उत्तर देऊ नका, पुस्तकं उशाशीच आहेत.

ठाकुर्ली_स्लो

पोर्टला पॉवर किती दिलीयेस दोघांनी? ते लिहिल्याशिवाय एसएआरचा आकडा म्हणजे मीटर न बघता सांगितलेलं रिक्षाचं भाडं. आधी ते टाक, मग बोलू.

पिफावाला_डोंबिवली

मी काही बदललं नाही, जे आपोआप असतं तेच. मित्रानेही तेच म्हटलं.

मुलुंडची_टेस्टवाली

मग तुमचं भांडण इथेच मिटलं. एचएफएसएस पोर्टला न विचारता १ वॅट धरतं. सीएसटीही १ वॅट धरतं, पण तो पीक; सरासरी काढली तर अर्धा वॅट. तुझ्या मित्राचे ४.६ अर्ध्या वॅटचे आहेत, १ वॅटला ९.२ झाले. तुझे ९.८. सहा टक्क्यांचा फरक, तोही दोन वेगळ्या पद्धतींत, एकात टेट्राहेड्रॉन आणि दुसऱ्यात चौकोनी जाळी असताना. दोघांनी मिळून एक चहा घ्या आणि मित्राला सांग, एसएआरच्या खिडकीत पॉवर किती धरायची ते स्वतः भरायचं असतं.

मी नोकरीत मोबाइलची एसएआर टेस्टिंग करते, खरा फोन, खरा फँटम (माणसाच्या जागी ठेवलेला द्रवभरला साचा). सिम्युलेशन करणारी मुलं रिपोर्ट घेऊन येतात तेव्हा मी पहिल्यांदा हेच विचारते: किती वॅटला? निम्म्या वेळा उत्तर येत नाही.

आता तुझा फोन प्रत्यक्षात १ वॅट सोडतो का? ९०० बँडच्या जीएसएम हँडसेटचा पीक २ वॅट, पण आठ टाइमस्लॉटपैकी एकातच तो बोलतो, म्हणून सरासरी ०.२५ वॅट. एसएआर पॉवरच्या सरळ प्रमाणात असतो, त्यामुळे पुन्हा सिम्युलेशन चालवायची गरज नाही, चारने भाग. २.४५. एलटीई, म्हणजे ४जी, धरलास तर कमाल २३ डीबीएम म्हणजे ०.२ वॅट, मग १.९६. "सहापट" गेलं, दीडपटीवर आलं.

इतक्यात खूश होऊ नकोस, कारण पुढची गोष्ट उलट्या दिशेने जाते. डोकं ठेवल्यावर तुझा एस-वन-वन उणे ५ आहे. म्हणजे पोर्टला दिलेल्या पॉवरपैकी ३२ टक्के माघारी येते, अँटेनात ६८ टक्केच जाते. ९.८ हा आकडा त्या ६८ टक्क्यांवर मिळालाय. उद्या तू शहाण्यासारखा डोक्यासकट अँटेना ट्यून केलास की आत जाणारी पॉवर वाढेल आणि १ वॅटला साधारण १४.३ दिसेल, ०.२५ वॅटला ३.६. अँटेना सुधारला आणि एसएआर चढला! पोरं इथे हमखास गडबडतात आणि काही चलाख मंडळी इथेच हात मारतात: अँटेना मुद्दाम बिनसलेला ठेवायचा, एसएआर कमी दाखवायचा, पेपर छापायचा. त्या फोनवरून कोणाचा कॉल लागणार नाही ते वेगळं. म्हणून आकड्याशेजारी लिहायचं: पोर्टला दिलेल्या पॉवरवर की अँटेनाने घेतलेल्या पॉवरवर.

आता भूमिती. तू पिफाच गोलाच्या नाकासमोर आणून ठेवलायस. कोण असा फोन धरतो? कानाशी ऐकायचा स्पीकर असतो, आणि गेली बरीच वर्षं बहुतेक फोनमध्ये मुख्य अँटेना खालच्या टोकाला असतो, हनुवटीच्या बाजूला, जिथे गाल फोनपासून लांब गेलेला असतो. त्यामागे एसएआर हे एक मोठं कारण आहे. तुझ्या गोलावरही हे दिसेल. बोर्डाचा मध्य गोलासमोर आण. मग टोक मध्यापासून ५० मिलिमीटरवर, आणि ९० त्रिज्येचा गोल तिथवर १५ मिलिमीटर मागे वळलेला असतो. तुझे ५ धरून अंतर २०. शिवाय पिफाचा पत्रा डोक्याकडे आहे की पाठीकडे तेही लिहिलं नाहीस. पाठीकडे हवा, म्हणजे मध्ये ग्राउंड येतो. मात्र त्यावर फार विसंबू नकोस; ९००ला पाव तरंगलांबी ८३ मिलिमीटर आणि तुझा बोर्ड १००चा, तेव्हा बोर्डच अँटेनासारखा वागतो आणि करंट पूर्ण लांबीभर पसरतो.

आणि गाइडना, नम्रपणे, सांग की एसएआर "खाली आणायचा" नसतो. जो येईल तो येईल. आधी हे सिद्ध कर की तुझं मोजमाप खरं बोलतंय. त्यासाठी डोकं, पिफा, तीन थरांचा कांदा सगळं बाजूला ठेव आणि हे कर:

चपटा फँटम घे. २ मिलिमीटरचं प्लास्टिकचं कवच आणि त्यात डोक्याचा द्रव: ९०० मेगाहर्ट्झला एप्सिलॉन (डायलेक्ट्रिक स्थिरांक) ४१.५, सिग्मा (वाहकता) ०.९७ सीमेन्स प्रति मीटर, घनता १०००. खाली अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल, म्हणजे सरळ काडीचा साधा अँटेना, लांबी १४९ मिलिमीटर, काडीची जाडी ३.६. डायपोलच्या मध्यरेषेपासून द्रवापर्यंत १५ मिलिमीटर, कवच त्यातच धरून. १ वॅट दे. आयईईई १५२८ या मानकात याचं उत्तर छापलेलं आहे: १ ग्रॅमवर १०.८, १० ग्रॅमवर ६.९. जगातल्या प्रत्येक एसएआर लॅबमध्ये फोन मोजण्याआधी असाच डायपोल लावून यंत्रणा तपासतात, आम्हीही. तुझा आकडा पाच-सात टक्क्यांत बसला तर तुझं सेटिंग ठीक. नाही बसला तर डोक्याकडे जाऊच नकोस.

तेवढ्याच आकड्यांत अजून एक गोष्ट दडलीय. तोच डायपोल, तीच पॉवर, पण १ ग्रॅमवर १०.८ आणि १० ग्रॅमवर ६.९. १ ग्रॅमचा घन म्हणजे १० मिलिमीटरची बाजू, १० ग्रॅमचा २१.५. या द्रवात ९००ला पॉवर १८ मिलिमीटरवर सुमारे ३७ टक्क्यांवर येते, म्हणून घन मोठा केला की आतला थंड भाग सरासरीत शिरतो. आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय रेडिएशन-संरक्षण मंडळाची डोक्यासाठीची मर्यादा २ वॅट प्रति किलो १० ग्रॅमवर, अमेरिकेची १.६ पण १ ग्रॅमवर, आणि भारताने सप्टेंबर २०१२पासून अमेरिकेची घेतली. आकडा २ आणि १.६ जवळजवळचे वाटतात, पण घन वेगळा असल्याने आपली मर्यादा बरीच कडक आहे. युरोपातल्या पेपरमधला एसएआर शेजारी ठेवून तुलना करायला जाशील तर आधी कितीचा घन ते बघ.

मेशबद्दल एकच. डेल्टा-एस फक्त पोर्टची खबर देतो. पोर्टवर सगळं स्थिरस्थावर आणि मेंदूत तीन टेट्राहेड्रॉन, असं राजरोस होतं. डोक्याच्या अँटेनाजवळच्या भागात स्वतः मेश लाद, २-३ मिलिमीटरचा, मग आकडा हलतो का बघ. हवेत तरंगलांबी ३३३ मिलिमीटर असली तरी या द्रवात ती ५०च होते. रेडिएशनची सीमा डोक्यापासूनही पाव तरंगलांबी लांब हवी; मुलं ती अँटेनापासून मोजतात आणि गोलाची पाठ भिंतीला टेकलेली असते.

निवृत्त_कांदिवलीकर

मध्येच बोलतो, माफ करा. मला यातलं अर्धंही कळलं नाही, पण ताई, सामान्य माणसाचं काय? दहा-पंधरा मिनिटं बोललो की माझा कान गरम होतो. हे तेच ना? आमच्या समोरच्या सोसायटीने गच्चीवर टॉवर बसवू दिलाय, भाडं खातायत, आणि आम्ही समोर चौथ्या मजल्यावर. स्टेशनबाहेर फोनला लावायचे रेडिएशनरोधक स्टिकर मिळतात, सुनेने आणलेत. लावू का?

मुलुंडची_टेस्टवाली

काका, माफी कसली. कान गरम होतो तो बहुतेक फोनच्या बॅटरी-चिपची ऊब लागून आणि कानाला हवा लागत नाही म्हणून. हिशेब सोपा आहे: १.६ वॅट प्रति किलो सहा मिनिटं लागोपाठ दिले आणि रक्ताने काहीच उष्णता वाहून नेली नाही असं धरलं, तरी तापमान ०.१६ अंशाने वाढतं. प्रत्यक्षात रक्त वाहतं, तेव्हा त्याहून कमी. एवढ्याने कान चटका बसल्यासारखा होत नाही.

टॉवर. भारतात टॉवरची मर्यादा २०१२पासून आयसीएनआयआरपीच्या एक दशांश आहे, ९०० मेगाहर्ट्झला ०.४५ वॅट प्रति चौरस मीटर. समजा अँटेनाला २० वॅट दिले आणि त्याने एका दिशेला ते पन्नासपट एकवटले. त्या झोताच्या बरोबर मध्ये ५० मीटरवर ०.०३ येतात. १० मीटरवर मात्र ०.८, म्हणजे मर्यादेच्या वर. तेव्हा प्रश्न एवढाच की अँटेनाचं तोंड तुमच्या खिडकीच्या पातळीत, जवळून, तुमच्याकडे आहे का. बहुतेकदा तो तुमच्या डोक्यावरून पलीकडे बघत असतो आणि ज्यांच्या गच्चीवर आहे त्यांच्या घरात सर्वांत कमी येतं. शंका असेल तर दूरसंचार विभागाचं तरंग संचार पोर्टल आहे, त्यावर टॉवर बघता येतो आणि मोजणीची विनंतीही करता येते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये आरडाओरडा करण्यापेक्षा ते बरं.

स्टिकर काढून टाका. तो काही करत नसेल तर पैसे वाया. खरंच अडवत असेल तर फोनला टॉवर नीट सापडत नाही आणि फोन पॉवर वाढवतो. फोन गरजेपुरतीच पॉवर सोडतो, सिग्नल चांगला असला तर कमालीपेक्षा कितीतरी कमी. चर्चगेट लोकलच्या डब्यात, दाराच्या आत दाबून उभं राहून बोलता तेव्हा तो जोर लावत असतो. तेव्हा वायरवाला इअरफोन लावा किंवा स्पीकरवर बोला, शेजारचे शिव्या देतील तेवढं सोसा. स्टार हॅश ०७ हॅश डायल केलंत की तुमच्या फोनचा एसएआर स्क्रीनवर येतो.

गोरेगावचा_पेंग्विन

पिफावाल्या, तुझ्या दुसऱ्या प्रश्नावर. लायसन्सची मारामारी असेल तर ओपनईएमएस घे, फुकट आहे, एफडीटीडी (चौकोनी जाळीवर वेळेच्या पायऱ्यांनी फील्ड काढायची पद्धत) आहे, १ ग्रॅम आणि १० ग्रॅमची सरासरी काढून देतो. यी यांनी १९६६मध्ये मांडलेली जाळी, बेरेंजरच्या १९९४च्या कल्पनेवरची शोषक सीमा, सगळं त्यात आहे. माउसने नाही, स्क्रिप्ट लिहून मॉडेल बांधावं लागतं, पण एकदा बांधलं की दहा जागी अँटेना हलवून रात्रभर चालत ठेवता येतं.

मशीनला झेपेल का? ३०० मिलिमीटर बाजूचं घनाकार जग, १ मिलिमीटरचे सेल: २ कोटी ७० लाख सेल. प्रत्येकात सहा फील्ड, चार-चार बाइट, म्हणजे निव्वळ फील्डना ६५० एमबी, गुणांक वेगळे. १६ जीबीच्या डेस्कटॉपवर बसतं. खरी कुऱ्हाड वेळेवर पडते: १ मिलिमीटर सेलला वेळेची पायरी १.९ पिकोसेकंदाच्या वर नेता येत नाही, नाहीतर गणित फुटतं. ९०० मेगाहर्ट्झच्या एका आवर्तनाला ५७७ पायऱ्या. पंधरा आवर्तनं चालवलीस तर साडेआठ हजारांच्या वर. मशीन सेकंदाला १० कोटी सेल ओढत असेल तर चाळीस मिनिटं. सेल अर्धा केलास की आठपट सेल आणि दुप्पट पायऱ्या, सोळापट वेळ. म्हणून अख्खं डोकं अर्ध्या मिलिमीटरवर नेऊ नकोस. ओपनईएमएसमध्ये जाळी असमान ठेवता येते, कानाजवळ बारीक, पलीकडच्या कानाकडे जाड.

खऱ्या डोक्यांची मॉडेलं: ड्यूक, एला, बिली आणि थेलोनियस ही एमआरआयवरून बनवलेली चौघांची फॅमिली संशोधनात सगळीकडे दिसते. पेशीजालांचे गुणधर्म गॅब्रिएल यांच्या १९९६च्या मोजमापांवरून घेतात. ९००ला काही आकडे देतो, एप्सिलॉन आणि सिग्मा या क्रमाने: त्वचा ४१.४ आणि ०.८७, कवटीचं कठीण हाड १२.५ आणि ०.१४, मेंदूचा करडा भाग ५२.७ आणि ०.९४; पांढरा भाग ३८.९ आणि ०.५९, मेंदूभोवतीचं पाणी ६८.६ आणि २.४१. तुझ्या तीन थरांत हे शेवटचं पाणी नाहीच, आणि डोक्यातला सर्वांत जास्त वीज वाहणारा थर तोच. चौथा थर टाक, २ मिलिमीटरचा टाकलास तरी मेंदूतलं वाटप बदललेलं दिसेल.

मुलुंडची_टेस्टवाली

पेंग्विनचं बरोबर, पण आधी एक ठरव बाबा, कशासाठी मॉडेल करतोयस. मेंदूच्या कुठल्या भागात किती जातं हे बघायचं असेल तर ड्यूक घे. फोन मर्यादेत बसतो का हे बघायचं असेल तर मानकाचं डोकं वेगळंच आहे, त्याला सॅम म्हणतात, आणि सॅमला मेंदूच नाही.

खरंच नाही. एक पोकळ कवच, जाडी २ मिलिमीटर, कानाच्या जागी ६, आणि आत एकाच प्रकारचा द्रव. आकार अमेरिकी सैनिकांच्या मोजमापांतून घेतलाय, नव्वदाव्या पर्सेंटाइलचं पुरुषी डोकं, म्हणजे आपल्या लोकलमधल्या बहुतेक डोक्यांपेक्षा मोठं. मेंदू-हाड-कातडी असा भेद ठेवलाच नाही, कारण हेतू शरीरशास्त्राचा नव्हता. कुठल्याही लॅबने मोजलं तरी तोच आकडा यावा आणि तो खऱ्या माणसापेक्षा सहसा कमी पडू नये, एवढाच हेतू.

आमच्या लॅबमध्ये तो टेबलात आडवा बसवलेला असतो. डावं अर्धं डोकं, उजवं अर्धं डोकं आणि मध्ये चपटा भाग, वरून उघडं, पंधरा सेंटीमीटर द्रव भरलेला. फोन खालून प्लास्टिकच्या पकडीत धरून गालाला टेकवतात: एकदा गालाशी, एकदा खालचं टोक १५ अंश बाहेर काढून. वरून रोबोचा हात बारीक प्रोब द्रवात बुडवतो, आधी मोठ्या जाळीवर फिरतो, जिथे गरम ठिकाण दिसेल तिथे बारीक घन मोजतो. जुन्या पाककृतीत ९००च्या आसपासच्या द्रवात वजनाने निम्म्याहून जास्त साखर असायची, चाळीसेक टक्के पाणी आणि दीडेक टक्का मीठ. जंतुनाशक घालूनही पावसाळ्यात त्याच्यावर डोळा ठेवावा लागे, आणि मुंग्यांना कुठल्याही मानकाची पर्वा नसते. कानाच्या खळग्यात हवेचा बुडबुडा अडकतो, मुगाएवढा, टॉर्च मारल्याशिवाय दिसत नाही. तो राहिला की नेमका गरम ठिकाणाचा आकडा चुकतो. आम्ही पळीने हलकेच ढवळून तो वर काढतो. मेमध्ये एसी दमला आणि द्रव २५ अंशांच्या वर गेला की काम बंद, कारण तापमानाबरोबर सिग्मा सरकतो.

हे सगळं सांगितलं कारण सिम्युलेशनमध्ये बुडबुडा नसतो, एसी दमत नाही. तुमचा द्रव कायम ०.९७चाच. म्हणून तुमच्या आकड्याला दशांशानंतरचे तीन अंक शोभत नाहीत. ९.८२७ लिहू नकोस.

ठाकुर्ली_स्लो

मुगाएवढा बुडबुडा नोंदवून ठेवला. लॅब मॅन्युअलमध्ये हे कधी नसतं.

पिफावाला_डोंबिवली

उशिरा येतोय, लॅबमध्ये मशीन मिळत नव्हतं. ताईंनी सांगितलेला डायपोल आधी केला. १ ग्रॅमवर १०.४, १० ग्रॅमवर ६.७. मित्राने सीएसटीत पॉवर भरून केला, त्याला १०.६ आला, तो आता कॅन्टीनमध्ये भाव खातोय.

मग डोक्यासकट पिफा ट्यून केला, ९००ला उणे १५. बोर्डाचा मध्य गोलासमोर, पिफा खालच्या टोकाला, पत्रा पाठीकडे. मेश डोक्याच्या त्या बाजूला २ मिलिमीटर लादला. आधीच्या मांडणीत मेशमुळे आकडा ९.८वरून १०.३ झाला होता, म्हणजे डेल्टा-एस खरंच झोपला होता. नव्या मांडणीत अँटेनाने घेतलेल्या ०.२५ वॅटवर १ ग्रॅमचा एसएआर १.३ आला. कमाल जागा पिफापाशी नाही, बोर्डाच्या मध्याजवळ आहे, जिथे गोल सर्वांत जवळ आहे.

गाइड सर एकदम खूश. म्हणाले, निष्कर्षात लिही, "प्रस्तावित अँटेना मानवी डोक्यासाठी सुरक्षित आहे." लिहू का? आणि परीक्षक हाताबद्दल विचारतील असं सीनियर म्हणतात, फोन हातात धरलेला असतो ना.

मुलुंडची_टेस्टवाली

छान केलंस. कमाल जागा बोर्डाच्या मध्याशी सापडली हे पिफाच्या चित्रापेक्षा मोलाचं आहे, त्यावर एक पान लिही. करंटचा नकाशा शेजारी लाव.

ते वाक्य मात्र लिहू नकोस. मर्यादेत बसलं हे म्हणायला डावी-उजवी बाजू, गालाशी आणि तिरपं, प्रत्येक बँडचे खालचे-मधले-वरचे चॅनेल, एवढ्या सगळ्यांतला सर्वांत मोठा आकडा लागतो, तोही सॅमवर, तोही खऱ्या फोनचा, बॅटरी-स्क्रीन-कॅमेऱ्यासकट. तुझ्याकडे एक गोल, एक जागा, एक फ्रीक्वेन्सी आहे. लिही असं: "९० मिलिमीटर त्रिज्येच्या गोलाच्या मॉडेलमध्ये, ५ मिलिमीटर अंतरावर, घेतलेल्या ०.२५ वॅटवर, अँटेना वरच्या टोकाला गोलासमोर असताना १ ग्रॅमचा एसएआर अमुक आणि खालच्या टोकाला असताना तमुक." सर नाराज झाले तर म्हणावं, परीक्षक पहिला प्रश्न "सुरक्षित म्हणजे कुठल्या मानकाप्रमाणे?" हाच विचारतील आणि उत्तर सरांनाच द्यावं लागेल.

हातावर: डोक्याच्या एसएआरच्या नेहमीच्या टेस्टमध्ये हात धरत नाहीत. हात पॉवर खातो, अँटेनाला बिनसवतो, त्यामुळे बहुतेक वेळा डोक्यातला आकडा कमी होतो, आणि टेस्ट वाईटात वाईट परिस्थितीसाठी असते. एवढं सांगितलंस की पुरे. हात मॉडेल करायचाच असेल तर एसएआरसाठी करू नकोस, अँटेनाची कार्यक्षमता किती पडते ते दाखवायला कर. आता मुख्य अँटेना खाली आलाय, तळहात नेमका तिथेच असतो, तेव्हा तो पेपर खरं तर याहून चांगला होईल.

आणि १८००ला जाशील तेव्हा जीएसएमचा पीक १ वॅट धर, सरासरी ०.१२५. द्रव ४०.० आणि १.४०. डायपोलचं अंतर तिथे १० मिलिमीटर असतं, १५ ठेवू नकोस. १ ग्रॅमवर ३८.१ यायला हवा.